नव्या शहरात लेकरांना घेऊन कसं फिरावं? सुरुवात संभाजीनगरपासून

बदली होऊन आम्ही लातूरहून छत्रपती संभाजीनगरला आलो तेव्हा थोरली सात वर्षांची होती, धाकटा तीनचा. पहिल्याच रविवारी वेरूळ, देवगिरी आणि बीबी का मकबरा एका दिवसात उरकायला निघालो. दुपारी दोन वाजता देवगिरीच्या तापलेल्या पायरीवर धाकटा रडत बसला होता आणि थोरली विचारत होती, "घरी कधी जायचं?" घरी म्हणजे लातूरला. त्या दिवसापासून आम्ही फिरायची रीत बदलली. ती अशी.

आधी घराजवळची एकच जागा धरा. कॉलनीतली बाग असो, शाळेचं मैदान असो, नाहीतर देवळामागची मोकळी जागा. पहिला महिनाभर ऊन उतरलं की तिथंच जा, आठवड्यातून तीन-चार वेळा. आज इथं, उद्या तिथं असं करू नका. तीच घसरगुंडी आणि तेच लिंबाचं झाड पुन्हा पुन्हा दिसलं की लेकराला ती जागा आपली वाटायला लागते. तिथल्या बाकावरच्या आज्यांकडून तुम्हालाही लेकरांचा डॉक्टर, चांगला दूधवाला, नळाला पाणी यायचा दिवस, सगळं कळतं.

वेळ उन्हाला विचारून ठरवा. मराठवाड्यात मार्च संपत आला की सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतरच बाहेर पडायचं. पाऊस लागला की डोंगर हिरवे होतात. म्हैसमाळला जायचे दिवस ते हेच. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत मात्र अख्खा दिवस आपला.

मग शहराचे दरवाजे शोधायला निघा. आमच्या लेकरांना या शहराची गोडी लागली ती यामुळं. संभाजीनगरला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. त्यातले बरेच पडले, पण जे उभे आहेत त्यांच्या कमानीखालून आजही रिक्षा जातात. एक वही करा. एका रविवारी एकच दरवाजा: लेकरानं त्याचं चित्र काढायचं, कमानीखाली उभं राहून हाक मारायची, भिंतीच्या फटीत पारवे आहेत का ते बघायचं. सुरुवात भडकल दरवाजापासून करा. मलिक अंबरनं तो १६१२ साली बांधला, तेव्हा या गावाचं नाव खडकी होतं. पुढच्या खेपेला खाम नदीवरचा मकाई दरवाजा आणि त्याच्या जवळची पाणचक्की. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जातं फिरवत, हे सात वर्षांच्या लेकराला सहज समजतं. घरी आल्यावर थोरलीनं बादली आणि रबरी नळी घेऊन अंगणभर चिखल केला. करू द्या.

मकबऱ्याला सकाळी जा. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं, आपल्या आईसाठी तो बांधला असं म्हणतात, एवढं सांगितलं तरी लेकरं तिथं वेगळ्याच नजरेनं बघतात. मागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांत गर्दी कमी असते आणि वरून अख्खं शहर दिसतं. तिथं उभं राहून आपलं घर कुठल्या बाजूला आहे ते लेकरालाच शोधायला लावा.

लांबच्या जागा महिन्यातून एक, आणि अर्धीच बघा. शहरापासून वेरूळ तीसेक किलोमीटर. मंगळवारी बंद असतं, हे घरातून निघतानाच आठवा. चौतीस लेणी आहेत, तुम्ही दोनच दाखवा. कैलास म्हणजे सोळावं लेणं: आधी कळस, मग पाया असं वरून खाली कोरत आणलेलं देऊळ. खालच्या थरातले हत्ती मोजायला सांगा, तास कसा जातो कळत नाही. मग दहावं, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. दगडाच्या छताला लाकडासारखे वासे का कोरले असतील, हे लेकरांना विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

देवगिरीला लहान लेकरं असतील तर चाँद मिनार, हत्ती हौद आणि मेंढा तोफेपर्यंतच जा. अंधारी भुयारात काळोख आणि वटवाघळं असतात, धाकट्यांना त्याची भीती बसते. खंदकाच्या कडेला हात सोडू नका. परतताना मोसम असेल तर रस्त्याकडेला सीताफळं घ्या.

हिवाळ्यात पहाटे उठून पैठणकडे नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाला जा. बाहेरदेशीचे पक्षी उतरलेले असतात, नशीब असलं तर रोहितही (फ्लेमिंगो) दिसतात. पाण्यात मात्र उतरू देऊ नका, काठचा गाळ फसवतो.

पिशवीत काय घ्यावं? दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, माणशी किमान लिटरभर पाणी, टोप्या, लेकरांचे जास्तीचे कपडे आणि पसरायला एक जुनी चादर. वेरूळ आणि देवगिरीला वानरं पिशवीवर झडप घालतात, तेव्हा खाणं गाडीजवळच उरका. कड्याला किंवा लेण्याच्या छताला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर आवाज करू नका, दगड तर मुळीच नको. उग्र अत्तर लावून जाऊ नका. माश्या उठल्याच तर लेकराला चादरीत गुंडाळून लगेच लांब जायचं. चादर त्यासाठीही लागते.

आपल्या मुळाशीही नेत राहा. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवसीला, आम्ही आजही लातूरकडं शेतावर जातो. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, उंडे. गेल्या साली शेजारच्या दोन लेकरांना सोबत नेलं. त्यांनी संक्रांतीनंतर आम्हाला त्यांच्या रानात हुरड्याला बोलावलं.

यंदा लातूरहून आजोबा आले तेव्हा वाट दाखवायचं काम थोरलीकडं दिलं. वही काखेत मारून ती पुढं, तिच्यामागं आजोबा. मकाई दरवाजापाशी थांबून म्हणाली, "आजोबा, इथं हाक मारा. आवाज परत येतो."