धडधड वाढली की नाडी मोजू नका
दादरचा पूल घाईने चढून लोकल पकडल्यावर छातीत धडधडते आणि ‘हा हृदयविकाराचा झटका तर नव्हे’ या धास्तीने ती धडधड आणखी वाढते. पूर्वीच्या तपासण्या निर्दोष असतील, तर अशा वेळी नाडी चाचपणे आणि मोबाइलवर लक्षणे शोधणे कटाक्षाने टाळावे, कारण प्रत्येक पडताळणीने भीती बळावते. ‘जिना चढलो, म्हणून धडधडते आहे’ असे स्वतःला स्पष्ट सांगावे, चार अंक मोजत श्वास घेऊन सहा अंकांपर्यंत सावकाश सोडावा आणि, कठीण वाटले तरी, केवळ घाबरून मधल्या स्थानकावर उतरू नये. ही लाट बहुधा १० मिनिटांत शिखर गाठून ओसरू लागते. मात्र छातीतील दाब हातात किंवा जबड्यात पसरत असेल, दरदरून घाम येत असेल किंवा असा त्रास प्रथमच होत असेल, तर न थांबता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.