नाशिकला नवं घर घेतलंय? कंपाउंडवर करंटची तार टाकण्याआधी

गंगापूर रोडच्या पुढे, मखमलाबाद-म्हसरूळच्या बाजूला किंवा पाथर्डी फाट्याकडे नव्याने राहायला आलेली मंडळी पहिल्या महिन्यात दोन गोष्टी हमखास विचारतात: पाणी किती वाजता येतं, आणि बिबट्या खरंच येतो का? पाण्याचं शेजारी सांगतील. बिबट्या येतो. जानेवारी २०१९ मध्ये तो सावरकरनगरच्या भरवस्तीत शिरला होता. मग एखादी घरफोडीची बातमी कानावर येते आणि तिसरा प्रश्न निघतो, "कंपाउंडवर करंटची तार टाकून घेऊ का?" मी विदर्भातून इथे येऊन स्थिरावलोय. तिकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या करंटने माणसं आणि वाघ दोन्ही मेल्याच्या बातम्या ऐकतच मोठा झालो. त्यामुळे या प्रश्नाचं माझं उत्तर जरा लांबतं.

बोलताना लोक एकाच नावाखाली दोन गोष्टी गोळा करतात. एक म्हणजे झटका मशीन. ते घरच्या विजेवर, बॅटरीवर किंवा सोलरवर चालतं आणि तारेत सेकंदाला जास्तीत जास्त एक ठोका सोडतं. ठोक्याचा दाब हजारो व्होल्टचा असतो, पण तो सेकंदाच्या शंभराव्या भागाहून जास्त टिकत नाही. माणूस दचकतो, हात मागे घेतो आणि तारेपासून सुटतो. दुसरा प्रकार म्हणजे मीटरमधून किंवा खांबावर आकडा टाकून २३० व्होल्टची वायर थेट कुंपणाला जोडणं. तो प्रवाह थांबत नाही. स्नायू आखडतात, मूठ तारेवरच आवळली जाते, हृदयाचा ताल बिघडतो.

"आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर पडेल," असं सांगणारे भेटतील. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच. तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटवर पडतो, आणि घरातला एमसीबी सहा, दहा, सोळा अँपिअरचा असतो. अंगातून साधारण पाव अँपिअर गेला तरी माणूस मरतो, एमसीबीला पत्ताही लागत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीत गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, मात्र अशा वेळी पडतो. म्हणूनच थेट करंट सोडणारा माणूस आधी आरसीसीबीलाच बगल देतो. असं सुचवणारा वायरमन दारात उभाही करू नका.

कायद्याचं म्हणाल तर "माझ्या हद्दीत चोर शिरला, मेला तर त्याचं नशीब" हे कोर्टात टिकत नाही. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा खटला साठीच्या दशकापासून दाखल्यासाठी घेतला जातो. शेजारचे लोक आपला संडास वापरतात म्हणून एका गृहस्थाने वाटेत उघडी जिवंत तार लावली आणि शेजारची बाई मेली. स्वसंरक्षणाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. न विचारता हद्दीत आलेल्या माणसासाठीही जीवघेणा सापळा लावता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. आज भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल कलम १०६ आहे, आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जाणूनबुजून केलं असं दिसलं तर कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही, हे कलम ३७ सांगतं. वीज आकड्याची असेल तर विद्युत कायदा २००३ चं कलम १३५ वेगळं.

नाशिकमध्ये याला बिबट्याचा पदर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी. तुमच्या तारेला चिकटून तो मेला तर ती शिकार धरली जाऊ शकते. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड किमान पंचवीस हजार. शिवाय झटका मशीनच्या तारेने बिबट्या अडेल ही खात्रीही धरू नका. भिंतीलगत झाड असलं की त्याला तारेशी देणंघेणंच उरत नाही.

झटका मशीन लावायचंच ठरलं तर पाळायच्या गोष्टी आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५-२-७६ मध्ये आहेत. आपल्याकडचं त्याला जुळणारं मानक म्हणजे आयएस ३०२, भाग २, विभाग ७६. दुकानदाराला मशीनवर यांपैकी काय छापलंय ते दाखवायला सांगा. ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्याची ऊर्जा पाच जूलपेक्षा जास्त नको. "पंचवीस किलोमीटर चालतं" ही जाहिरात शेतकऱ्यासाठी असते, तुमच्या प्लॉटचा घेर किती? लहान मशीन पुरतं. घरी जुळवलेलं, कॉइल आणि रिले बसवून केलेलं मशीन फुकट मिळालं तरी नको.

तारा जमिनीपासून सुरू करू नका. रस्त्यावरच्या माणसाचा हात सहज लागू नये म्हणून आधी किमान दीड मीटर उंचीची भिंत किंवा जाळी हवी, तारा तिच्यावर. राष्ट्रीय इमारत संहितेत रस्त्याकडची भिंत जास्तीत जास्त दीड मीटर, आणि वरचा ०.९ मीटर भाग उघडा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत चालते. तारेच्या खांबांसकट एकूण उंची महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या. काटेरी तारेत किंवा ब्लेडच्या गुंडाळीत झटका सोडायला मानकात साफ मनाई आहे, कारण अडकलेला माणूस सुटू शकत नाही. इथल्या बऱ्याच भिंतींवर ती गुंडाळी आधीच असते आणि ठेकेदार "हिलाच जोडून टाकू" म्हणतो. तिथे नाही म्हणायचं.

फलक दर दहा मीटरवर आणि प्रत्येक गेटपाशी. किमान २० बाय १० सेंटिमीटर, पिवळ्यावर काळं, दोन्ही बाजूंनी दिसेल असं. शब्द मराठीत आणि हिंदीत लिहा, आणि तारेला हात लागल्याचं चित्र हवंच, कारण वाचता न येणारी लहान मुलंही भिंतीपाशी येतात. मला स्वतःला चोरापेक्षा संक्रांतीची भीती जास्त. जानेवारीत पतंग कापला गेला की मुलं कुणाच्याही भिंतीवर चढतात, त्यांना फलक दिसत नाही. त्या आठवड्यात दिवसा मशीन बंद ठेवा. पेसमेकर बसवलेलं कुणी शेजारी असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

अर्थिंगमध्ये इथे खरी गोची होते. मशीनचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडायचं नाही. सुरक्षा कुंपणासाठी दोन्हींत किमान दोन मीटर अंतर लागतं. नाशिकमध्ये वरचा थोडा मुरूम संपला की काळा पाषाण लागतो, रॉड खाली जातच नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की ठोका मंदावतो आणि लोकांना वाटतं मशीन बिघडलं. उथळ रॉड एकाऐवजी तीन-चार गाडा, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घाला. पावसाळ्यात उलट होतं. वेल आणि गवत तारेला टेकून ठोका जमिनीत जिरतो, तेव्हा छाटणी करत राहावं लागतं. वळवाच्या गडगडाटात मशीन तारेपासून सोडवून ठेवा.

भिंतीवरून किंवा शेजारून महावितरणची लाइन जात असेल तर तार टाकण्याआधी त्यांना विचारा. मानकानुसार एक हजार व्होल्टपर्यंतच्या लाइनपासून तीन मीटर आणि त्यापुढे ३३ हजारपर्यंत चार मीटर अंतर लागतं. विजेच्या खांबाला कुंपणाची तार कधीच बांधू नका. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही तेच आहे. बिलावर त्याचा परवाना क्रमांक लिहून घ्या. उद्या काही झालं आणि विद्युत निरीक्षक आले तर पहिल्यांदा तोच विचारतील. बिल्डिंगमध्ये राहत असाल तर सोसायटीचा ठराव हवा, आणि भिंत सामाईक असेल तर पलीकडच्यांची लेखी संमती. मशीन बंद करायचा स्विच घरातल्या प्रत्येकाला आणि वॉचमनला माहीत हवा.

माझ्या मते शंभरातल्या नव्वद घरांना याची गरज नसते. मागच्या बाजूला मोशन सेन्सरचा दिवा लावा, भिंतीवर झुकलेल्या फांद्या कापा आणि कुत्रं रात्री आत घ्या, कारण बिबट्या बहुतेक त्याच्यासाठीच येतो. तो दिसला तर फोटो काढत उभं न राहता वनविभागाला १९२६ वर फोन करा. कुणाच्या कुंपणात थेट करंट आहे असा संशय आला तर तारेला हात लावून खात्री करायला जाऊ नका. महावितरणचा १९१२ आहे, आणि कुणी चिकटलेलं दिसलं तर आधी मेन स्विच बंद करा, मग ११२.