कुत्र्या-मांजरांचा फ्लू: घाईघाईत होणाऱ्या या चुका टाळा

मांजर शिंकलं, अंग गरम लागलं, की लोक डॉक्टरांच्या आधी घरातला औषधांचा डबा उघडतात. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. पाव गोळीसुद्धा नाही! माणसाचं यकृत हे औषध ज्या रीतीने निकामी करून बाहेर टाकतं, ती क्षमता मांजरात फार तोकडी असते. मग विषारी घटक साठतात आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओळखीच्या एका घरात बोक्याला रात्री अर्धी गोळी दुधात कालवून पाजली. सकाळी तोंड सुजलेलं, हिरड्या तपकिरी. मला फोन आला तो ‘ताप उतरत नाही, उरलेली अर्धी देऊ का’ हे विचारायला. दवाखान्यात उतारा दिला, ऑक्सिजन लावला, तरी बोका गेला. शिंकांनी तो मेला नसता, याचा मला आजही संताप येतो. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनही स्वतःच्या मनाने देऊ नका, कुत्र्यालासुद्धा नाही.

दुसरी चूक म्हणजे खोकला थांबला की कुत्र्याला लगेच इतर कुत्र्यांत सोडणं. एच३एन२ हा कुत्र्यांमधला फ्लू झालेला कुत्रा बरा दिसू लागल्यावरही विषाणू बाहेर टाकत राहू शकतो, म्हणून किमान २१ दिवस वेगळं ठेवायला सांगतात. २०१५ साली शिकागोच्या परिसरात याच विषाणूने हजाराहून अधिक कुत्री आजारी पडली. ‘तो कंटाळलाय हो’ हे कारण मी ऐकून घेत नाही. बोर्डिंगमध्ये ठेवताना खोकला लपवणाऱ्यांना तर माफीच नाही. मी आजारी कुत्र्याचं भांडं, पट्टा, अंथरूण वेगळं ठेवते, त्याला हाताळल्यावर हात धुते आणि कपडे बदलूनच दुसऱ्या कुत्र्याजवळ जाते. विषाणू कपड्यांवर साधारण दिवसभर आणि टणक पृष्ठभागावर दोन दिवस टिकू शकतो.

खोकून शेवटी उबळ आली, की हाड अडकलं समजून घशात बोटं घालू नका. नाक कोरडं म्हणजे ताप, हेही खरं नाही, थर्मामीटर वापरा. मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिक देऊ नका, विषाणूवर तिचा काही उपयोग होत नाही.

स्वतःला फ्लू असताना मांजराला उशाशी घेऊन झोपू नका. २००९ च्या साथीत एच१एन१ (स्वाइन फ्लू) माणसांकडून मांजरांना आणि फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या पाळीव प्राण्यांना झाला होता. कच्चं दूध, कच्चं चिकन बंद करा. २०२४ मध्ये अमेरिकेत बर्ड फ्लू झालेल्या गायींचं कच्चं दूध पिऊन गोठ्यांवरची मांजरं दगावली.

प्राणी गाढ झोपलेला असताना मिनिटभर श्वास मोजा. सतत तिसाच्या वर जात असतील, मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा हिरड्या निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तरी डॉक्टरांना फोन करा.