बोअरच्या पाण्यावर नवा प्लास्टरचा स्विमिंग पूल: पहिल्या २८ दिवसांत पाणी कसं जुळवावं

ताडोबाच्या वाटेवरची मुक्कामाची घरं असोत की अमरावतीकडची शेतघरं, नव्या स्विमिंग पुलाचं प्लास्टर खराब होतं ते बहुतेक वेळा गवंड्याच्या हातून नाही, पहिल्या आठवड्यातल्या पाण्यामुळे. पांढरं सिमेंट आणि मार्बल पावडरचं प्लास्टर पाण्याखाली पक्कं व्हायला साधारण २८ दिवस घेतं. तेवढ्या काळात त्यातून चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पाण्यात सुटत राहतो. त्याने पाण्याचा पीएच वर चढतो. पाण्यातल्या बायकार्बोनेटशी तो चुना जुळला की पांढरी भुकटी होऊन तळाशी बसते. भुकटी वेळेवर निघाली तर ठीक, नाहीतर ती प्लास्टरलाच धरून बसते आणि पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत होतो. "पूल भरून ठेवा, महिनाभर हात लावू नका, आपोआप पिकेल" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

खालची मापं ५०,००० लिटरच्या पुलाची आहेत, म्हणजे साधारण ८ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल. तुमचा पूल लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

भरायचं पाणी

पाण्याची तपासणी प्लास्टरच्या आधी करून घ्या, नंतर नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा खासगी लॅबमध्ये नमुना द्या आणि पाच आकडे मागा: पीएच, एकूण अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड पचवण्याची ताकद), कॅल्शियम हार्डनेस, लोह, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार). रिपोर्टात नुसती 'एकूण हार्डनेस' असेल तर तिच्यात मॅग्नेशियमही धरलेलं असतं. आपल्याला कॅल्शियमचा वेगळा आकडा हवा.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, बोअरचं खारं पाणी नव्या प्लास्टरवर घालूच नका. गोड्या पाण्याचे टँकर लावा. बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी तांबूस दिसलं तर त्यात लोह आहे. क्लोरीन पडताच ते प्लास्टरवर तपकिरी डाग सोडेल, म्हणून अशा पाण्यात क्लोरीनच्या आधी धातू बांधून ठेवणारं रसायन टाकावं लागतं. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाचं, म्हणजे पावसावर भरणारं पाणी वापरणार असाल तर अडचण उलटी असते. ते मऊ असतं आणि कॅल्शियमची भूक प्लास्टर खाऊन भागवतं.

भरणं

एकदा पाणी सुरू केलं की स्किमरच्या (वरचा कचरा ओढणारं भिंतीतलं तोंड) मध्यापर्यंत येईपर्यंत थांबायचं नाही. मध्ये थांबलात तर तिथे भिंतीवर आडवी रेघ उमटते आणि ती जात नाही. शेतीच्या लाईनवर थ्री फेज ठराविक तासच मिळते, म्हणून जनरेटर किंवा टँकर आधीच सांगून ठेवा. पाइपाचं तोंड सर्वांत खोल जागी ठेवा आणि त्यावर धुतलेलं जाड सुती फडकं बांधा. गोणपाट नको, त्याचा रंग उतरतो. टँकरची मोठी धार थेट प्लास्टरवर सोडू नका, आधी पाइपाने फूट-दीड फूट पाणी होऊ द्या. भरत असताना आत कोणी उतरायचं नाही.

पूल भरला की पंप लगेच चालू करा. पहिले तीन दिवस तो रात्रंदिवस चालला पाहिजे.

ॲसिड: सगळं इथेच बिघडतं

आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी बऱ्याचदा असं असतं: पीएच ७.८, अल्कलिनिटी ३००, कॅल्शियम ३०० (दोन्ही पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम). हे पाणी चुना बसवणारं आहे की खाणारं, हे लँगेलिअर निर्देशांकावरून कळतं: अधिक आला तर बसवणारं, उणे आला तर खाणारं. पीएचमध्ये तापमान, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी यांचे गुणक मिळवायचे आणि बेरजेतून १२.१ वजा करायचे. तीस अंशांच्या आसपासच्या पाण्याचा गुणक ०.७, कॅल्शियम ३०० चा २.१, अल्कलिनिटी ३०० चा २.५. बेरीज १३.१, म्हणून निर्देशांक अधिक १.०. आपल्याला तो शून्य ते अधिक ०.३ च्या दरम्यान हवा. पीएच ७.४ आणि अल्कलिनिटी १०० वर आणली (तिचा गुणक २.०) तर तोच आकडा अधिक ०.१ येतो. कॅल्शियमला हातही लावावा लागत नाही.

म्हणजे खरं काम अल्कलिनिटी ३०० वरून १०० वर आणण्याचं आहे. पीएच हे त्या कामाचं फक्त काटेरी कुंपण आहे.

५०,००० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १० पीपीएमने उतरवायला ३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण १ लिटर लागतं. २०० उतरवायचे म्हणजे २० लिटर. इथे कोणीतरी म्हणतोच, "कॅन आहेच, ओता एकदाच." वीस लिटर एकदम गेलं तर अल्कलिनिटी हिशोबाप्रमाणे १०० वर येते खरी, पण पीएच सहाच्या आसपास कोसळतो आणि निर्देशांक उणे १.३ होतो. दोन दिवसांचं प्लास्टर अशा पाण्यात झिजतं, मार्बलचे कण उघडे पडतात आणि खोल भागात ढगांसारखे चट्टे दिसतात. ते कोणत्याही रसायनाने भरून येत नाहीत.

योग्य रीत फेऱ्यांची आहे. पीएच ७.८ आणि अल्कलिनिटी ३०० असताना अडीच ते पावणेतीन लिटर ॲसिडने पीएच ७.२ च्या जवळ येतो आणि अल्कलिनिटी फक्त २५ ते २८ ने घटते. तिथे थांबायचं. पाच-सहा तास पंप चालू द्या. प्लास्टरमधला चुना पीएच पुन्हा वर नेईल, मग पुढची फेरी. अल्कलिनिटी जसजशी उतरते तसतसं तेवढाच पीएच पाडायला ॲसिड कमी लागतं, म्हणून प्रत्येक फेरीआधी मोजमाप करा आणि आधीचा डोस आंधळेपणाने परत टाकू नका. सकाळ-संध्याकाळ अशा फेऱ्या चार-पाच दिवस चालतात. सुटणारा चुना अल्कलिनिटीतही भर घालतो, त्यामुळे एकूण ॲसिड वीस लिटरपेक्षा जास्तच जाईल. पीएच ७.२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, हा नियम कोणासाठीही मोडू नका.

ॲसिड विरळ करूनच टाका. प्लास्टिकच्या बादलीत आधी दहा लिटर पाणी, मग त्यात एक लिटर ॲसिड. उलटं कधीच नाही, ॲसिडवर पाणी पडलं की ते उसळून अंगावर येतं. चष्मा आणि रबरी हातमोजे घालून वाऱ्याकडे पाठ करा आणि पंप चालू असताना खोल भागावर फिरत-फिरत पातळ धार सोडा. भिंतीलगत नको, पायऱ्यांवर नको, स्किमरमध्ये तर मुळीच नको.

मोजायला थेंबांचं किट वापरा, रंगपट्ट्या या कामाच्या नाहीत. किटातला पीएचच्या लाल रंगाचा तक्ता ८.२ ला संपतो. पाणी ८.२ दाखवत असेल तर खरा पीएच त्याहून वर असू शकतो, म्हणून अर्धाच डोस टाकून पुन्हा मोजा.

मऊ पाण्याने भरलं असेल तर ॲसिडची घाई नको. आधी अल्कलिनिटी ८० वर आणा: दर १० पीपीएमला खाण्याचा सोडा ८४० ग्रॅम. मग काही तासांच्या अंतराने कॅल्शियम किमान १५० करा: दर १० पीपीएमला ७७ टक्क्यांचे कॅल्शियम क्लोराइड फ्लेक्स साधारण ७४० ग्रॅम. ते बादलीत विरघळताना पाणी चांगलंच तापतं, हात घालू नका.

ब्रश

नायलॉनचा ब्रश, तारेचा नाही. पहिले तीन-चार दिवस दिवसातून दोनदा, नंतर रोज एकदा, २८ व्या दिवसापर्यंत. आधी भिंती, मग तळ, सगळं तळाच्या मेन ड्रेनकडे ढकलत. फिल्टरचं प्रेशर स्वच्छ असतानापेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढलं की बॅकवॉश, म्हणजे उलट्या धारेने फिल्टर धुणं. ते पाणी संत्र्याच्या आळ्यात सोडू नका.

क्लोरीन

पहिले तीन दिवस नाही. चौथ्या दिवशी लिक्विड क्लोरीन विरळ करून टाका. १० टक्क्यांचं एक लिटर म्हणजे ५०,००० लिटरला २ पीपीएम. उन्हाळ्यात कॅन उन्हात पडून राहिलेला असेल तर त्याचा जोर उतरलेला असतो, म्हणून टाकल्यावर मोजा. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर इथे नको. तिच्यातला चुना पीएच आणि कॅल्शियम दोन्ही वाढवतो, आणि न विरघळलेली ढेकळं प्लास्टरवर बसतात. टीसीसीएच्या (हळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्या फार आम्ल असतात, त्याही २८ दिवस नकोत. ॲसिड आणि क्लोरीन एका बादलीत किंवा एका खोलीत कधीच ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

आपल्या उन्हात उघडं क्लोरीन काही तासांत उडून जातं. भुकटी निघणं कमी झालं की क्लोरीनला उन्हापासून जपणारं सायनुरिक ॲसिड ३० पीपीएम, म्हणजे दीड किलो, पायमोज्यात भरून रिटर्नच्या (फिल्टरमधून परत येणाऱ्या पाण्याच्या) धारेसमोर टांगा. पायमोजा प्लास्टरला टेकू देऊ नका. त्यानंतर अल्कलिनिटीच्या आकड्यातून सायनुरिकचा एक तृतीयांश वजा करून हिशोब करा.

चाकांचा व्हॅक्यूम आणि मिठावर चालणारा क्लोरिनेटर २८ दिवसांनंतरच.

पुढची भर

मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं. या पुलात ते दिवसाला ३६० लिटर, आठवड्याला अडीच हजार. तेवढी भर त्याच बोअरची घातली तर अल्कलिनिटी आणि कॅल्शियम दोन्ही आठवड्याला १५ पीपीएमने चढतात. अल्कलिनिटीसाठी दर आठवड्याला दीड लिटर ॲसिड धरून ठेवा. कॅल्शियम ॲसिडने कमी होत नाही. ते ४०० च्या वर गेलं की पावसाळ्यात पुलातलं थोडं-थोडं पाणी काढून तेवढं छपरावरचं स्वच्छ पावसाचं पाणी घ्या. पूल पूर्ण रिकामा करू नका, जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना रिकामा पूल खालून उचलला जातो.