परड्यातल्या तळ्यात कासवं पाळायची तर

आधी कासव कोणतं, ते ठरवा. ओढ्या-विहिरीत सापडणारं आपल्याकडचं पाणकासव किंवा चांदणी कासव घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दुकानातलं लाल कानाचं कासव मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. आणताना ते रुपयाएवढं दिसतं, पण मादी जवळजवळ फूटभर वाढते आणि पंचवीस-तीस वर्षं जगू शकते. तेवढी तयारी असेल तरच पुढे जा.

मग जागा. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात जिथं पाणी शिरलं, तिथं उघडं तळं करूच नका. पुरासोबत कासवं थेट पंचगंगेत जातील आणि देशी कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतील.

दोन-तीन कासवांना आठ बाय पाच फुटांचं, अडीच फूट खोल तळं पुरतं. एक बाजू उतरती ठेवा. सकाळचं ऊन थेट यावं, दुपारी निम्म्या पाण्यावर सावली असावी. अंग कोरडं करायला पाण्याबाहेर येणारा ओंडका हवाच, नाहीतर कवच कुजतं. भोवती दीड फूट उंच गुळगुळीत भिंत घाला, तिचा पाया फूटभर खोल घ्या. जाळीवर ही कासवं सहज चढतात. जुलैच्या झडीत तळं काठोकाठ भरतं, म्हणून काठाच्या वीतभर खाली, तोंडाला जाळी लावलेला पाइप ठेवा आणि त्यात अडकलेला पाला पावसाळ्यात रोज काढा.

नळाचं पाणी एक दिवस उघडं साठवून मगच घाला. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला, काढलेलं केळीला द्या. तळ्यात हात घातला की साबणाने धुवा. या कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. त्यामुळेच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी केली.

पिल्लांना रोज गांडुळं, मासळीचे बारीक तुकडे. मोठ्यांना एक दिवसाआड, जास्त करून हिरवा पाला, गाजर, लाल भोपळा. नदीवरची जलपर्णी आणू नका, तिच्यासोबत मैलाही येतो. कवचासाठी समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा. काष्ठौषधीच्या दुकानात तो मिळतो.

नर आकाराने लहान, पुढच्या पायांची नखं लांब, शेपूट जाड. एका नराला दोन माद्या ठेवा, एकटीला तो सतत छळतो. अंड्यांसाठी उन्हाच्या कोपऱ्यात फूटभर खोल वाळू आणि माती मिसळून भरा. आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, तिथं घरटं टिकत नाही.

अंडी काढण्याआधी घरं मोजा. जितक्या पिल्लांना खात्रीचं घर आहे, तितकीच अंडी उबवा. उरलेली घातली त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा. जीव हळहळतो, पण नको झालेली कासवं रंकाळ्यात सोडण्यापेक्षा हे बरं.

ठेवायच्या अंड्यांवर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि ती तशीच, न उलटता, ओलसर वाळूच्या डब्यात ठेवा. उलटलं की आतला जीव मरू शकतो. २८ ते ३० अंशांवर साधारण दोन-अडीच महिन्यांत पिल्लं निघतात. सत्तावीसच्या खाली बहुतेक नर, एकतीसच्या वर बहुतेक माद्या. पोटाला लागलेली पिवळी पिशवी ओढू नका. ती आत जाईपर्यंत पिल्लू ओल्या कापडावर ठेवा, मग पाठ जेमतेम बुडेल एवढ्याच पाण्यात सोडा आणि वर जाळी घाला, कावळे टपलेले असतात.