कूलर मोठा घेण्याआधी जुन्या घराला हवेची वाट करून द्या

सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. मधल्या खोलीत कूलर लावला आणि चार दिवसांत आम्ही वैतागलो. पहाटे चादर दमट लागायची, अंगाला चिकचिक व्हायची. फडताळातला पापड काढला तर तो मोडेना, नुसता वाकायचा. आई म्हणाली, "अरे, ही हवा जाणार कुठनं? वरचं साणं तर तुम्हीच बुजवलंत."

तिचं बरोबर होतं. साणं म्हणजे माळवदातलं धूर-हवेचं भोक. कूलर कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. ती ओलसर हवा बाहेर पडली नाही, तर थोड्या वेळात तीच पुन्हा गवतातून फिरते आणि गारवा संपतो. एसीचं उलटं असतं. तो खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून त्याला दारं बंद लागतात. कूलरला एसीसारखं वागवणं हीच मूळ चूक.

सुरुवात उदबत्तीपासून करा. दुपारी तीनच्या सुमारास कूलर चालू ठेवून पेटती उदबत्ती प्रत्येक दारा-खिडकीपाशी धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला, तर वाट आहे. जागेवरच घुटमळला, तर वाट नाही. कूलरच्या मागेही धरून बघा. त्याची पाठ खिडकीबाहेर मोकळ्यावर हवी, खोलीच्या आत नको.

मग माप काढा. कूलरवर ताशी किती घनमीटर हवा ते लिहिलेलं असतं. दर हजार घनमीटरला साधारण एक चौरस फूट उघडी जागा धरा. आमचा 3500चा, म्हणजे साडेतीन चौरस फूट. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली असेल, तर असा कूलर कागदावर अर्ध्या मिनिटात सगळी हवा बदलतो. एवढ्या हवेला दाराची फट कशी पुरेल? डासांची जाळी बसवणार असाल, तर माप दीडपट करा. बारीक जाळी बरीच वाट अडवते आणि धूळ बसली की आणखीच.

वाट कूलरच्या समोरच्या भिंतीला, तिरकी आणि शक्यतो वर असावी, कारण गरम हवा वरच साठते. आम्ही आधी साणं मोकळं केलं. वरचं सिमेंट छिन्नीनं हळूहळू काढलं, आत काजळीचा थर तसाच होता. कधीकाळी चुलीचा धूर तिथूनच जायचा. वर चार पायांवर पत्र्याचं झाकण बसवलं, बाजूंनी वीतभर मोकळं ठेवून. साणं फूटभरच होतं, म्हणून बाकीचं माप परसाकडच्या खिडकीच्या वरच्या झडपा उघडून भरून काढलं.

नवं भोक पाडायची वेळ आलीच, तर घाई करू नका. तुळईचं टोक भिंतीत जिथं टेकलंय, त्याच्या खाली हात लावायचा नाही. मातीच्या भिंतीत काम केलेला जाणता गवंडी बोलवा आणि भोकावर आधाराला पाट टाकल्याशिवाय पुढं जाऊ देऊ नका. बाहेरच्या भिंतीतला कोनाडा सोयीचा पडतो, तिथं भिंत आधीच पातळ असते. भिंत भावकीत सामाईक असेल, तर आधी विचारा.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग असलेला तीन पिनांचाच प्लग हवा. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नुसतं नावाला असतं, वायरमनकडून तपासून घ्या. आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणार असाल, तर न्हाणीघरातल्या गॅस गीझरचा विचार करा. घर बंद असताना तो पंखा गीझरचा विषारी धूर उलटा घरात ओढू शकतो. गीझर चालू असताना पंखा बंद ठेवा, आणि न्हाणीघराला बाहेरची स्वतंत्र हवा द्याच.

थंडीत झडपा लावून घ्या. मिरगाच्या आत कूलर रिकामा करून गवत उन्हात वाळवा, कारण पावसाळी दमट हवेत तो गार करत नाही. आणि पहिल्या वळवाआधी माळवदावर जाऊन साण्याच्या कडेची माती दाबून घ्या, पाणी तिथूनच शिरतं.