वायफाय जोडलेले, पण इंटरनेट नाही : या चुका टाळा

लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायच्या साऱ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरीही एकही संकेतस्थळ उघडत नाही. त्या रेघा फक्त लॅपटॉप आणि घरातील राउटर यांच्यातील दुव्याबद्दल सांगतात. राउटरपासून पुढे पोफळीच्या बागेवरून आणि खांबाखांबांवरून गेलेल्या वायरचे काय झाले आहे, हे त्यांवरून कळत नाही. म्हणून बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे ठरवण्याआधीच सेटिंग बदलत सुटणे, ही मला सर्वांत घातक चूक वाटते.

टप्पा ठरवण्यासाठी त्याच वायफायवर फोन जोडून पाहावा. मात्र त्याआधी मोबाइल डेटा बंद करावा, कारण वायफायवर इंटरनेट नसल्यास अनेक फोन आपोआप मोबाइल डेटाकडे वळतात आणि ‘फोनवर तर चालते आहे’ असे समजून लॅपटॉपला विनाकारण दोष दिला जातो.

फोनवरही इंटरनेट नसेल, तर लॅपटॉपला हात लावू नये. फायबरच्या (प्रकाशाने संकेत वाहणाऱ्या वायरच्या) उपकरणावरील ‘एलओएस’ हा दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा संकेतच घरापर्यंत पोहोचत नाही. कोकणात पावसाळ्यात वायरवर फांदी पडते, वानरांच्या उड्यांनी ती ताणली जाते, आणि घरातल्या घरातही ती कोपऱ्यात घट्ट दुमडली गेली तर संकेत क्षीण होतो. कधी घरातील राउटर इन्व्हर्टरवर चालू असतो, पण इंटरनेट पुरवणाऱ्या ऑपरेटरकडील वीज गेलेली असते. अशा वेळी वाट पाहण्यावाचून उपाय नसतो.

याच अवस्थेत अनेक जण राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी खुपसतात, आणि हे मात्र कळकळीने टाळायला सांगावेसे वाटते. राउटर बंद करून चालू करणे वेगळे आणि ‘रीसेट’ करणे वेगळे. वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू केल्यास काहीही पुसले जात नाही. रीसेटने मात्र वायफायचे नाव व पासवर्ड तर जातातच, शिवाय ज्या जोडणीसाठी ऑपरेटरने राउटरमध्ये वापरकर्तानाव आणि पासवर्ड भरलेले असतात, तेही पुसले जातात. मग बाहेरची वायर दुरुस्त झाली तरी इंटरनेट सुरू होत नाही, आणि गुहागर किंवा देवगडच्या एखाद्या आतल्या वाडीत भर पावसात तंत्रज्ञ येईपर्यंत घर अडून राहते.

फोनवर इंटरनेट चालते आणि लॅपटॉपवरच नाही, तर नेटवर्कच्या तपशिलात आयपी पत्ता (नेटवर्कवर लॅपटॉपला मिळालेला क्रमांक) पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. ते नेटवर्क ‘विसरून’ पुन्हा जोडावे आणि पत्ता मिळवण्याची पद्धत ‘ऑटोमॅटिक’ आहे ना, हे तपासावे. गणपतीला मुंबईहून गावी आणलेल्या कार्यालयीन लॅपटॉपमध्ये तिथला ठरावीक पत्ता, प्रॉक्सी (इंटरनेटकडे नेणारा मधला संगणक) किंवा व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) तसाच राहिलेला असू शकतो. तो बदलण्यापूर्वी कार्यालयातील संबंधितांना विचारावे. पत्ता ठीक असून ८.८.८.८ या इंटरनेटवरील पत्त्याला पिंग केल्यास (म्हणजे उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश पाठवल्यास) उत्तर येते, पण संकेतस्थळांची नावे उघडत नाहीत, तर दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा असतो; डीएनएसच्या सेटिंगमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरून पाहावे.

बरेच महिने बंद राहिलेल्या लॅपटॉपची तारीख मागे पडली असेल, तर सुरक्षित संकेतस्थळे उघडताना ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल (संकेतस्थळाच्या ओळखीच्या पुराव्याबद्दल) इशारा देतो. तो डावलून पुढे जाऊ नये, तारीख दुरुस्त करावी. हॉटेल किंवा रेल्वे स्थानकाच्या वायफायवर लॉगिनचे पान उघडून नोंद होईपर्यंत इंटरनेट मिळत नाही; तो बिघाड नव्हे.

विंडोजमधील ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी करावे, कारण त्यात साठवलेले सर्व वायफाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएनही पुन्हा बसवावे लागू शकते. ऑपरेटरला फोन करताना ‘नेट नाही’ एवढेच न सांगता एलओएसचा दिवा कसा आहे आणि दुसऱ्या उपकरणावर काय घडते, हे सांगावे; त्यावरून वायर जोडण्याचे साहित्य घेऊन माणूस पाठवायचा की फोनवरच मार्ग काढायचा, हे त्यांना ठरवता येते.